अपग्रेड करा, पण आधी आम्हाला विचारा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत कॉम्प्युटरवरचा एक लेख आला होता, विंडोज १० चा सपोर्ट संपलाय तेव्हा ज्यांनी अजून विंडोज ११ टाकलं नाही त्यांनी आता एक दिवसही थांबू नये, असा. लेख सोप्या भाषेत होता, मी तो मोबाईलवर पूर्ण ऐकला, बऱ्याच गोष्टी पटल्या पण. पण ते "एक दिवसही थांबू नका" काही केल्या डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र लिहायला बसले. मी जन्मापासून पूर्ण अंध आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका ऑफिसात आवक-जावक बघते, चौदा वर्षं झाली, आणि सगळं काम कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, लावून करते. आम्हाला थांबावं लागतं, आणि का थांबावं लागतं ते तुमच्या डोळस वाचकांना, त्यातही ऑफिसांच्या आयटीवाल्यांना कळावं असं फार वाटतं.

आमच्या ऑफिसात डिसेंबरमध्ये एका शनिवार-रविवारी सगळ्या मशीन अपग्रेड झाल्या. कारण बरोबरच होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, लोकांची कागदपत्रं असलेल्या मशीन तशाच उघड्या ठेवून चालत नाही, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी सुटेपर्यंत मी त्याच खोलीत त्याच खुर्चीवर बसलेली होते आणि मला कोणी एका शब्दाने सांगितलं नाही. सोमवारी येऊन मशीन चालू केलं तर एनव्हीडीए, म्हणजे माझा स्क्रीन रीडर, सुरू होताना जो सूर वाजतो तो आलाच नाही. थोडं थांबले. कंट्रोल-आल्ट-एन दाबलं, काही नाही. हेडफोनची पिन काढून परत लावली, काही नाही. डोळस माणसाचा मॉनिटर काळा पडला तर निदान तो काळा पडलाय एवढं तरी त्याला दिसतं, मला मशीन बंद आहे का हँग झालंय का पासवर्ड मागतंय का सगळं व्यवस्थित आहे आणि फक्त आवाज गेलाय, यातलं काहीच कळत नाही. शेजारच्या टेबलवरच्या ताई येऊन बघून गेल्या, म्हणाल्या, "अगं सगळं छान दिसतंय की, नवीन झालंय, खालची बटणं मधोमध आलीत."

झालं काय होतं तर डिस्क साफ पुसून नवीन विंडोज टाकलं होतं. एनव्हीडीए गेला, साउंडचा ड्रायव्हर पडलेला नव्हता, मराठी टायपिंगचा माझा इनस्क्रिप्ट कीबोर्ड गेला. मंगळवारी मी घरून यूएसबी हेडफोन आणला, त्याला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही, तो लावला आणि कंट्रोल-विंडोज-एंटर दाबून विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, नॅरेटर, चालू केला तेव्हा पहिल्यांदा आवाज आला. मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. पण तो इंग्रजी आवाज. मराठी मजकूर आला की इंग्रजी आवाज गप्प बसतो, चुकीचं वाचतो असंही नाही, सरळ वगळून पुढे जातो. आणि आमच्याकडे येणारं टपाल बहुतेक सगळं मराठीत. म्हणजे मला तारीख आणि जावक क्रमांक ऐकू यायचा आणि विषय, पाठवणाऱ्याचं नाव, गाव सगळं कोरं. घरच्या पेनड्राइव्हवर माझा एनव्हीडीए होता पण ऑफिसात पेनड्राइव्ह चालत नाही, सिक्युरिटी म्हणून बंद केलंय, आणि नवीन इन्स्टॉल करायला अॅडमिनचा पासवर्ड लागतो, तो कॉन्ट्रॅक्टवाल्या मुलाकडे, तो मुलगा दुसऱ्या जिल्ह्यात. आठ दिवस गेले यात. आठ दिवस माझं टपाल दुसऱ्यांनी नोंदवलं आणि मी हात बांधून बसून होते. कोणी वाईट बोललं नाही, उलट सगळे "तुम्ही आराम करा मॅडम" म्हणत होते, आणि तेच जास्त लागलं, कारण ही नोकरी मला आराम करायला मिळालेली नाही, मी परीक्षा देऊन मिळवलीय.

यात एक गोष्ट परत न येणारी गेली ती म्हणजे माझी उच्चारांची डिक्शनरी. एनव्हीडीएमध्ये अशी सोय आहे की एखादा शब्द तो चुकीचा बोलत असेल तर आपण त्याला कसा बोलायचा ते शिकवू शकतो. इंग्रजीत लिहिलेलं मिरज तो मृगजळासारखं मिराज वाचतो, तासगावचं टॅसगॉन करतो, जतचं जॅट. चौदा वर्षांत मी गावांची, खात्यांची, योजनांची नावं एकेक करून त्यात भरली होती. ती एका फोल्डरमध्ये असते, कॉपी करायला अर्धं मिनिट लागत नाही. शुक्रवारी कोणी विचारलं असतं तर मी काढून दिली असती.

स्क्रीन रीडर कसा चालतो ते बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून थोडं सांगते. तो कॅमेऱ्यासारखा स्क्रीन बघत नाही. तो विंडोजला आणि त्यातल्या प्रत्येक प्रोग्रॅमला विचारत असतो की आत्ता फोकस कुठेय, हे बटण आहे का चेकबॉक्स, याचं नाव काय, टिक आहे का नाही, आणि जे उत्तर येईल ते बोलतो. प्रोग्रॅम बनवणाऱ्याने बटणाला नाव दिलं नसेल तर मला नुसतं "बटण" ऐकू येतं, पुढे परत "बटण", त्याच्या पुढे परत "बटण". आता नवीन विंडोजमध्ये जेव्हा टास्कबार किंवा मेनू नव्याने बनवतात तेव्हा डोळस माणसाला रंग आणि जागा बदललेली दिसते, पण आतून हे प्रश्न-उत्तरांचं सगळं कनेक्शनच बदललेलं असतं, आणि ते नीट जुळायला स्क्रीन रीडर बनवणाऱ्यांना वेळ लागतो. विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबर २०२१ ला. एनव्हीडीएवाले त्याच्या आधीच कामाला लागले होते, २०२१.२ या व्हर्जनच्या माहितीतच लिहिलं होतं की विंडोज ११ साठी प्राथमिक सपोर्ट आहे. तो "प्राथमिक" शब्द वाचला की आमच्यातला अनुभवी माणूस समजतो की आत्ता नको. (एनव्हीडीए फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये तो सुरू केला आणि जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र सोबत आला. त्याच्या आधी आम्ही जॉज नावाचा स्क्रीन रीडर वापरायचो, तो महाग, आणि डेमो ४० मिनिटं चालायचा की मशीन रीस्टार्ट. मी कॉलेजचे अर्धे जर्नल तसे ४० मिनिटांच्या तुकड्यांत लिहिलेत. ज्यांनी जॉज विकत घेतलाय त्यांचा वेगळाच प्रश्न, जुना जॉज नवीन विंडोजवर धड चालेल याची खात्री नसते, मग विंडोज फुकट मिळालं तरी जॉजच्या नवीन व्हर्जनला पैसे.)

आणि आमची वेळ वेगळी असते हे मी एकटी म्हणत नाही, खुद्द मायक्रोसॉफ्टने हे एकदा मान्य केलेलं आहे. विंडोज १० फुकट घ्यायची मुदत सगळ्यांसाठी २९ जुलै २०१६ ला संपली, पण स्क्रीन रीडरसारखी साधनं वापरणाऱ्यांना त्यांनी ती ३१ डिसेंबर २०१७ पर्यंत वाढवून दिली होती. विंडोज १० बरोबर आलेलं सुरुवातीचं एज ब्राउझर आमच्यासाठी जवळपास निरुपयोगी होतं, ते सुधारेपर्यंत घाई करू नका असंच आमच्यातले जाणकार एकमेकांना सांगत होते, आणि कंपनीनेही मग आम्हाला जवळजवळ दीड वर्ष जास्त दिलं. मी विंडोज ७ वरून १० वर गेले ते त्याच मुदतीत, २०१७ च्या दिवाळीच्या सुट्टीत.

घरच्या लॅपटॉपवर विंडोज ११ मी मे २०२४ मध्ये टाकलं. हे मुद्दाम सांगते कारण ऑफिसात टाकलं तेही विंडोज ११ च, आणि घरी माझा एक दिवसाचाही खोळंबा झाला नाही. मे महिना यासाठी की मार्चएंड संपलेला, ऑफिसातली गर्दी कमी, भाऊ-वहिनी सुट्टीला आलेले म्हणजे घरात डोळस माणूस, आणि चार दिवस लॅपटॉप नसला तरी मोबाईलवर भागत होतं. आधी पेनड्राइव्हवर एनव्हीडीएची पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी, कॉपी काढली, त्याच्या टूल्स मेनूतच सोय आहे, त्यात आपली सेटिंग, डिक्शनरी सगळं येतं. यूएसबी हेडफोन हाताशी ठेवला. दोन अंध मित्रांनी आधीच केलं होतं, त्यांना खोदून खोदून विचारलं की एक्सेल कसं चालतंय, मेलचं थंडरबर्ड कसं चालतंय, मराठी टायपिंग होतंय का, ब्रेल डिस्प्ले (स्क्रीनवरचा मजकूर बोटांखाली ब्रेलमध्ये देणारं यंत्र) धरतोय का. कंपनीच्या जाहिरातीतून हे कधीच कळत नाही, ज्याचं रोजचं काम तुमच्यासारखं आहे तोच सांगू शकतो.

आणि तरीसुद्धा भीती वाटतेच. अपग्रेड चालू असताना स्क्रीनवर टक्के येतात, तेव्हा मशीन एक शब्द बोलत नाही, ना एनव्हीडीए ना नॅरेटर. तास-दीड तास नुसती शांतता. मी लॅपटॉपवर तळहात ठेवून बसले होते, गरम लागतंय, पंखा फिरतोय म्हणजे काम चालू आहे, मध्येच पंखा थांबला की छातीत धस्स व्हायचं, मग वहिनी स्वयंपाकघरातून येऊन सांगायच्या, "अहो ताई, चौसष्ट टक्के झालंय, रीस्टार्ट होतंय." ज्याच्या घरी अशी वहिनी नाही त्याने काय करायचं. मोबाईलवर बी माय आइज लावून लांबच्या कोणा अनोळखी माणसाला स्क्रीन दाखवता येते आता, तो मोठाच आधार झालाय.

झाल्यावर पहिले दहा दिवस मी रोज जास्तीचा वेळ देऊन सगळं तपासलं, कारण दहा दिवसांच्या आत जुन्या विंडोजवर परत जाता येतं, नंतर ते बटण निघून जातं. बोटांची सवय मोडायलाही वेळ लागतो हो. विंडोज-ए दाबलं की नोटिफिकेशन यायचे ते आता विंडोज-एन वर गेले आणि ए वर वायफाय-आवाजाची पटकन करायची सेटिंग आली. फाइलवर मेनू उघडून एक अक्षर दाबलं की काम व्हायचं, ती अक्षरं बोटांत बसलेली, आता मेनू छोटा केलाय आणि बाकीचं सगळं "शो मोअर ऑप्शन्स"च्या आत. जुना मेनू शिफ्ट-एफ१० ने येतो हे कोणीतरी सांगितलं तेव्हा जीव भांड्यात पडला. डोळस माणूस नवीन ठिकाणी नजर फिरवून शोधतो, आम्हाला एकेक टॅब दाबत पूर्ण रस्ता पाठ करावा लागतो. हे सगळं मी ऐन मार्चमध्ये करू शकले असते का.

पण माझं पत्र वाचून कोणी अंध विद्यार्थी "चला मग आपण जुन्यावरच राहू" असं म्हणेल तर तेही मला नकोय, आणि हे मी ठासून सांगते. महिन्याला येणारे सिक्युरिटी अपडेट आणि व्हर्जनचं अपग्रेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिक्युरिटीचे अपडेट थांबवायचेच असतील तर फार तर परीक्षा किंवा इंटरव्ह्यू होईपर्यंत, विंडोजमध्ये पाच आठवड्यांपर्यंत पॉज करता येतं, त्याच्या पुढे नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस आला तेव्हा त्याच्यावरचा इलाज मार्चमध्येच अपडेटमधून आलेला होता, ज्यांनी टाकला नव्हता त्यांच्या फायली गेल्या. आमचे बँकेचे व्यवहार, पेन्शन, फॉर्म सगळं याच मशीनवर, शेजाऱ्याला पासवर्ड सांगायला लागू नये म्हणून तर आपण हे शिकलो. आणि कायम जुन्यावर राहताही येत नाही, एक दिवस पायाखालची फळीच काढून घेतात. एक्सपीवर चालणारा शेवटचा एनव्हीडीए २०१७.३, विंडोज ७ वर चालणारा शेवटचा २०२३.३.४. क्रोमने फेब्रुवारी २०२३ मध्येच ७ ला सोडलं. मग स्क्रीन रीडर जुना, ब्राउझर जुना, आणि सरकारी साइट उघडली की नुसतं फिरत बसते. ज्यांच्याकडे सेकंडहँड लॅपटॉप आहेत, आणि आमच्यातल्या कितीतरी मुलांकडे तसेच आहेत, त्यांना तर विंडोज ११ घेताच येत नाही कारण टीपीएम २.० ही सिक्युरिटीची सोय मशीनमध्ये पाहिजे, इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर पाहिजे. अशांनी घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळणारे वाढीव सिक्युरिटी अपडेट तरी नक्की घ्यावेत, सेटिंगचं बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर चालू केलं तर पैसेही पडत नाहीत, आणि तेवढ्यात मशीनची सोय बघावी.

एनव्हीडीएचंही तेच, वर्षाचं पहिलं, म्हणजे पॉइंट एकवालं व्हर्जन आलं की जुने अॅडऑन, म्हणजे त्याला जोडलेले छोटे जादा प्रोग्रॅम, चालायचे थांबू शकतात, म्हणून ते मी अॅडऑनवाल्यांचं काम होईपर्यंत थोडं मागे ठेवते, आणि ऑपरेटिंग सिस्टम आणि स्क्रीन रीडर दोन्ही एकाच आठवड्यात कधीच बदलत नाही. काही बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळायला तर पाहिजे.

मोबाईलबद्दल थोडंच लिहिते. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक हा स्क्रीन रीडर आहे, ते प्ले स्टोअरवरून वेगळं अपडेट होतं, त्यामुळे थोडी मोकळीक आहे. तरी सॅमसंगवाल्यांना आठवत असेल, आधी त्यांचा स्वतःचा व्हॉइस असिस्टंट नावाचा स्क्रीन रीडर होता, अँड्रॉइड ११ आलं आणि त्याच्या जागी टॉकबॅक आलं, रात्रीतून बोटांच्या खुणाच बदलल्या, माझी एक मैत्रीण दोन दिवस फोन उचलायला घाबरत होती. आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर हा त्यांचा स्क्रीन रीडर सिस्टमच्या आतच असतो आणि अॅपलने जुन्या व्हर्जनला मान्यता देणं बंद केलं की परत जायचा रस्ता नाही. तिथे तर मी पहिलं व्हर्जन कधीच घेत नाही, एक-दोन दुरुस्त्या येऊन जाऊ देते.

आता ऑफिसांकडून काय पाहिजे ते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सरकारी आस्थापनांना सांगतो की दिव्यांग कर्मचाऱ्याला काम करता येईल अशा वाजवी सोयी द्यायच्याच आहेत. सुप्रीम कोर्टाने ३० एप्रिल २०२५ ला, अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि अंध वकील अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. एवढा मोठा निकाल आणि माझी मागणी तर फार छोटी आहे. अपग्रेडच्या आधी आठ दिवस सांगा. अंध कर्मचाऱ्याचं मशीन पहिल्या लॉटमध्ये घेऊ नका, एका रिकाम्या मशीनवर नवीन सिस्टम टाकून त्याला अर्धा दिवस बसवून बघू द्या. डिस्क पुसायची असेल तर त्याची सेटिंग काढून ठेवा. आणि मशीन परत देताना आवाज येतोय का, एनव्हीडीए लॉगिनच्या स्क्रीनपासून बोलतोय का, एक मराठी फाइल उघडून तो मराठी वाचतोय का, हे त्याच्यासमोर बघा. "चालू झालं" हे त्याने सांगायचं, आयटीवाल्याने नाही. ज्या दिवशी तो कॉन्ट्रॅक्टवाला मुलगा शेवटी आला त्या दिवशी हे सगळं मिळून पाऊण तास लागला. मुलगा चांगला होता, त्याने पहिल्यांदाच स्क्रीन रीडर ऐकला होता, म्हणाला, "मॅडम, मला कोणी सांगितलंच नव्हतं की या मशीनवर असं काही आहे." म्हणजे मला कोणी विचारलं नाही तसं त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं.

तुमच्या लेखकांना विनंती की पुढच्या वेळी असा लेख लिहिताना स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी दोन ओळी जरूर घालाव्यात, तुमचा पेपर कानांनी वाचणारे आम्ही बरेच आहोत.

आमच्याच खात्याच्या एका तालुका ऑफिसात अजून एक अंध सहकारी आहेत, माझ्यापेक्षा सीनियर, तीन वर्षांत रिटायर होतील. तिथल्या मशीन पुढच्या महिन्यात अपग्रेड होणार असं कळलंय. मी काल त्यांना फोन करून डिक्शनरीचा फोल्डर कुठे असतो ते सांगितलं, त्यांनी फोन चालू ठेवूनच तो स्वतःला मेल केला. त्यांना ऑफिसकडून अजून काही विचारणा झालेली नाही. मी माझ्या साहेबांना त्यांच्याबद्दल लेखी पत्र दिलंय, या सोमवारी त्याचा आवक क्रमांक मीच टाकला.

आपली,
एक अंध वाचक, सांगली